मिसरचा कडूलिंब

रामलिंगअप्पांनी ओसरीतल्या भिंतीवरचे चित्र खिळ्यावरून हळूच काढले, उपरण्याखाली धरले आणि चोरपावलांनी आत निघाले. उंबऱ्यात एक पाय पडतो न पडतो तोच चुलीपुढून मल्लम्माचा आवाज आला.

"चित्र कुठं न्यायलाव?"

अप्पा जागच्या जागी थांबले. पाठीला डोळे असलेली बायको मिळणे हे पुण्याचे फळ की पापाचे, हे त्यांना इतक्या वर्षांच्या संसारात ठरवता आले नव्हते.

"धूळ बसली व्हती. पुसायलो."

"पुसा अन् जागेवर लावा. मुंजाजीला दाखवायचंय मला."

अप्पांनी स्वच्छ काच उगीचच पुन्हा पुसली आणि चित्र मुकाट्याने खिळ्याला अडकवले. मासिकातून कापून चौकटीत बसवलेले ते जुने चित्र होते. मागे तीन पिरॅमिड, पुढे वाळूत बसलेला एक उंट, उंटाशेजारी डोक्याला फडके गुंडाळलेला माणूस आणि खाली उर्दूत एक ओळ. निजामाच्या मुलखातल्या मदरशात शिकलेल्या अप्पांना ती ओळ तोंडपाठ होती. चित्राशी त्यांचे काही वाकडे नव्हते. वाकडे होते ते त्या चित्रात नसलेल्या एका झाडाशी.

आणि मुंजाजी आज जेवायला यायचा होता. शेजारच्या दगडाबाईचा हा मुलगा फौजेत गेला होता. लढाई संपली, पलटण मोडली आणि तो आठवड्यापूर्वी सेलूच्या स्टेशनावर उतरला. फौजेने त्याला दोन वर्षे कुठे ठेवले होते, तर मिसरात. ही बातमी कानावर येताच मल्लम्माने दगडाबाईच्या घरी निरोप धाडला, की पोराला पोळ्या खायला पाठवून द्या. 

अप्पांची उमर सेलूच्या एका जिनिंगमध्ये कापसाची प्रत पारखण्यात गेली. चिमूटभर कापूस दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचा, धागा किती लांब निघतो ते बघायचे आणि भाव सांगायचा. एके वर्षी मुंबईच्या पेढीवरून मिसरच्या कापसाचा नमुना आला. अप्पांनी ओढला तर धागा निघतच राहिला, रेशमासारखा. त्या दिवशी त्यांचे कामात लक्ष लागले नाही. चिमूटभर कापूस त्यांनी कनवटीला लावून घरी आणला आणि मल्लम्माच्या तळहातावर ठेवला.

"असला कापूस पिकतो तो मुलूख एकदा बघाया पायजे," ते म्हणाले. माणूस बोलतो तसे बोलून गेले.

मल्लम्माने कापूस गालाला लावून पाहिला. "मग कवा जायचं?"

असा प्रश्न अप्पांना आजवर कोणी विचारला नव्हता. घरी, पेढीवर, गावात, सगळीकडे त्यांना ऐकायची सवय होती ती 'कशाला' या शब्दाची. 'कवा' विचारणारी ही एकटी. मिसरचा प्रवास सुरू झाला तो त्या दिवसापासून, आणि तो सगळा ओट्यावर बसून झाला.

दर वर्षी उन्हाळ्यात जिनिंग बंद झाली, की संध्याकाळी दोघांचा बेत सुरू व्हायचा. सेलूहून मनमाड, मनमाडहून मुंबई, मुंबईला आगबोट, मग एडन, मग सुवेझ. मल्लम्मा दशम्यांचा विचार करायची. बोटीवर कुणाच्या हातचे खायचे नाही, म्हणजे दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी भरपूर लागणार. लिंगपूजेला बेल मिळेल का? सुकवून नेऊ. विभूती इथूनच न्यावी लागेल. मग अप्पा शाळेच्या हेडमास्तरांकडून आणलेल्या उर्दू पुस्तकातले राजे सांगायचे. हजारो वर्षांपूर्वीचे राजे, सोन्यानाण्यासकट पुरलेले.

"आपल्यावाणी बसवून पुरलेत का?" मल्लम्मा विचारायची. लिंगायतांत मेलेल्या माणसाला बसवून पुरतात.

"न्हाई. झोपवून."

"झोपून देवाचं नाव कसं घेत असतील बाई," म्हणत ती हळहळायची, जणू तो राजा तिच्याच भाऊबंदातला होता.

एका साली पुतणीचे लग्न निघाले, एका साली कापसाचा भाव पडला, पुढे तर लढाई लागली आणि समुद्रच बंद झाला. गल्लीतली माणसे म्हणायची, बोलाचाच भात अन् बोलाचीच कढी. म्हणेनात का. पोरबाळ नसलेल्या त्या घरात दिवेलागणीला दोन माणसे एकमेकांशी बोलत बसलेली असायची, हे काय थोडे होते? मल्लम्माने तर मिसरसाठी पत्र्याची एक पेटीही भरून ठेवली होती. वर्षातून एकदा ती उघडायची, आतले झटकायची आणि पुन्हा लावायची. उघडली की कडूलिंबाचा वास घरभर पसरायचा. कपड्यांना कसर लागू नये म्हणून बायका पाला घालतात, तसा तिनेही घातला असेल, असे अप्पा धरून चालले होते.

झाडाची भानगड झाली ती अगदी पहिल्याच वर्षी. चित्र नुकतेच भिंतीवर लागले होते. मल्लम्मा त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. तिला ऊन सोसत नसे. गंगाखेडच्या जत्रेत ती एकदा चक्कर येऊन पडली होती.

"ऊन लय दिसतं इथं," ती म्हणाली. "बसायचं कुठं?"

अप्पांच्या ध्यानात आले, की सगळा बेत आता याच प्रश्नावर अडणार. आणि जन्मात भावात कधी लबाडी न केलेल्या माणसाने तिथल्या तिथे सांगून टाकले, "मागल्या अंगाला कडूलिंब हाय की. लय मोठा. पार बांधलाय त्याला. फोटूवाला उन्हाच्या बाजूला उभा ऱ्हायला, म्हणून दिसत न्हाई."

"मग बरंय," मल्लम्मा म्हणाली.

पुढे ते झाड वाढत गेले. त्याच्याखाली रांजण आले. खजूर विकणारा म्हातारा येऊन बसला. दशम्या सोडायच्या त्या तिथेच, असे ठरले. शेवटी शेवटी राजे बाजूला राहिले आणि अर्धे मिसर त्या कडूलिंबाखाली येऊन बसले. मधल्या काळात मल्लम्माचे गुडघे गेले. दोन वर्षे झाली, भिंत धरल्याशिवाय तिला चालता येत नव्हते. समुद्र मोकळा झाला होता, पण मनमाडपर्यंतसुद्धा जाणे होणार नाही, हे दोघांनाही कळत होते. कोणी बोलत नव्हते एवढेच. जाणे नसले तरी त्या झाडाखाली रोज संध्याकाळी बसता येत होते, आणि आज तेही जाणार, या विचाराने अप्पांना घास गोड लागेना.

मुंजाजीला आधी गाठून सांगावे म्हणून ते काल बाजारात गेले होते. तो पानाच्या दुकानापाशी भेटलाही. पण पांढऱ्या मिशांच्या माणसाने पोरसवदा गड्याला सांगायचे काय? की बाबा, मी बायकोला बारा वर्षे थाप मारली, ती तू सांभाळ? अप्पांनी त्याच्या आईच्या खोकल्याची चौकशी केली आणि परत आले.

मुंजाजी आला तो खाकी विजार घालून. ओसरीत त्याचे पान मांडले. मल्लम्मा दाराच्या चौकटीला टेकून बसली आणि बसल्या जागेवरून वाढू लागली. छावणीतल्या माश्या, साहेबाची मोटार, चहाची पिंपे, सगळे सांगून झाले. अप्पा प्रत्येक गोष्टीला नको तितके हसत होते.

मल्लम्माने भिंतीकडे हात केला. "हे बघितलंस का रे?"

"बघितलं की काकू. एका सुट्टीला लारीत घालून नेलं व्हतं आमाला."

"त्याला जेवू दे की," अप्पा म्हणाले.

"जेवायलाच हाय तो. मुंजाजी, ह्याच्या मागल्या अंगाला गेलतास का तू?"

"गेलतो. पुरा येढा मारला. ऊन म्हंजे काय सांगू काकू, टाळू तापली नुसती. बूड टेकायला सावली घावंल म्हणून तर मारला येढा." मुंजाजीने पोळीचा घास आमटीत बुडवला. "एक झाड न्हाई. हिरवी काडी म्हणून न्हाई."

अप्पा पानाच्या कडेला सांडलेल्या मिठाकडे बघत राहिले.

"बरं झालं सांगितलंस," मल्लम्मा म्हणाली आणि त्याच्या पोळीवर तूप सोडले. "आणखी एक घे. मिसरात कुठली पोळी."

मुंजाजी पान खाऊन गेला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती उघडली होती आणि आत काहीच नव्हते. मल्लम्मा बसल्या जागेवरून भांडी गोळा करू लागली. चार शब्द बोलली असती तर अप्पांना हलके वाटले असते. त्यांनी चित्र भिंतीवरून काढले, या वेळी उघड उघड, आणि आतल्या खोलीत नेले. पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवून द्यायचे आणि मिसरचे नाव पुन्हा काढायचे नाही, असे त्यांनी मनाशी ठरवले होते.

पेटी उघडताच तो कडवट वास आला. वर धुतलेली दोन लुगडी, त्यांचे धोतर, विभूतीचे गोळे, छत्री. जागा करायला म्हणून त्यांनी कोपऱ्यातले गाठोडे उचलले. पाला असता तर हलका लागला असता. हे जड होते आणि हाताला खड्यांसारखे लागत होते. त्यांनी गाठ सोडली. आत वाळलेल्या लिंबोळ्या होत्या.

"त्या गेल्या सालच्या हायत," मागून मल्लम्मा म्हणाली. भिंत धरत ती दारापर्यंत आली होती. "फेकून द्या. जुनी लिंबोळी उगवत न्हाई. म्हणून तर दर साली बदलते."

अप्पांनी गाठोडे खाली ठेवले.

"तिथं झाड न्हाई, हे तुला ठावं व्हतं?"

"मला वाचता येत न्हाई. दिसतं तर हाय." तिने पेटीशेजारी ठेवलेल्या चित्राकडे बोट केले. "मागं लिंब असता तर हा उंट उन्हात कशाला बसला असता?"

बारा वर्षे अप्पा त्या चित्राखालची ओळ वाचत आले होते. उंटाकडे त्यांनी कधी नीट बघितलेच नव्हते.

"मग बोलली न्हाईस कवा?"

"तुमी माझ्यासाठी लावलं व्हतं ते," मल्लम्मा म्हणाली. "मी उपटू व्हय? म्हनलं, जाऊ तवा खरं लावून येऊ."

अप्पांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

"या सालच्या अंगणात पडायल्यात," मल्लम्मा म्हणाली. "दगडाबाईच्या शेळ्या खायच्या आत येचून आणा. पिवळ्या तेवढ्या घ्या. हिरव्या नका घेऊ."

अप्पांनी चित्र पुन्हा खिळ्याला लावले, टोपली घेतली आणि ते अंगणातल्या लिंबाखाली जाऊन बसले. उन्हे कलली होती. झाडाची सावली ओट्यापर्यंत पोचली होती. मल्लम्मा भिंतीच्या आधाराने बाहेर आली आणि ओट्याच्या कडेला टेकली. अप्पा एकेक लिंबोळी उचलून, धोतराला पुसून टोपलीत टाकत होते.

"रोपाला पाण्याचं कसं करायचं पर?" त्यांनी वर न बघता विचारले.

"तिथं नदी हाय म्हणत व्हता ना तुमी? का ती बी तुमचीच?"

"न्हाई, न्हाई," अप्पा म्हणाले. "नदी खरी हाय."

"मग झालं तर," म्हणत मल्लम्माने आपले दुखरे पाय सावलीत लांब केले.