वाचन झालेलं रुग्णालय

आमच्या रुग्णालयात मानसोपचाराची जर्नलं येतात. स्टोअरचे गेणभाऊ त्यांच्यावर शिक्का मारतात आणि प्लास्टिकसकट कपाटात ठेवून कुलूप लावतात, कारण तपासणीला ती नवी कोरी दिसावी लागतात. वाचनाची नोंदवही वेगळी आहे. तिच्यात दर महिन्याला ‘वाचले’ असं लिहून वॉचमन जालिंदर सही करतो. त्याचं अक्षर सुंदर आहे. कागदोपत्री तालुक्यात या विषयाचा सगळ्यात जास्त अभ्यास गेटवर बसलेला असतो.

इथं डॉक्टर म्हणून आल्यापासून यावर मी दोन वर्षं हसले. मग आणे गावची समृद्धी आली. वय तेवीस, मनाचा आजार आटोक्यात, त्यासाठी मी इथं येण्याच्याही आधीपासून व्हॅल्प्रोएटच्या गोळ्या चालू. सोबत सासू, सारजाबाई.

“मॅडम, हिला आता लेकरू पायजे. ही गोळी चालंल का? आमची मेंढी गाभण असली की जनावराचा डॉक्टरबी औषध बदलून देतो, म्हनून इचारलं.”

चालणार नव्हती. या गोळीनं पोटातल्या बाळाच्या मेंदूला, कण्याला अपाय होऊ शकतो, हे वर्षानुवर्षं छापून येतंय. आमच्या भिंतीवरच्या औषधांच्या तक्त्यात मात्र तीच पहिल्या नंबरवर आहे. मी दुसरं औषध लिहून दिलं. औषधाच्या खिडकीतून चिठ्ठी परत आली: तक्त्यात नाही.

मोठ्या सरांकडे गेले. ते म्हणाले, “तक्ता समिती बदलते. समितीत तिघं. एक निवृत्त झाले, एकांची बदली झाली. मी एकटाच बसलो तर ती बैठक होत नाही, नुसतं बसणं होतं.”

“मग समृद्धीनं काय करायचं?”

“छापील पुरावा आणा. आपल्या नोंदीतला.”

मी गेणभाऊंकडे चावी मागितली.

“सोमवारी तपासणी हाय, मॅडम. फाडलं की जुनं झालं. जालिंदरला इचारा की, त्यानं समदं वाचलंय.”

ते थट्टा करत नव्हते. मी चावी उचलली, कात्री घेतली आणि सात जर्नलं फोडली. गेणभाऊंनी तिथंच उभं राहून पंचनामा लिहिला. सातव्यात लेख सापडला. चार वर्षांपूर्वीचा.

सरांनी तो उभ्यानंच वाचला. मग बसून पुन्हा वाचला.

“हे आपल्याकडे होतं?”

“कपाटात.”

त्यांनी दुसऱ्या औषधाच्या खरेदीवर सही केली आणि वर लिहिलं, ‘एका रुग्णापुरते’.

समृद्धीला मी गोळी हळूहळू कशी बदलायची ते लिहून दिलं आणि तोवर दिवस राहू देऊ नका म्हटलं. सारजाबाईंनी कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग मी जुने केसपेपर काढले. त्याच गोळीवरच्या, मूल होण्याच्या वयाच्या एक्केचाळीस बायका निघाल्या. पहिला फोन पिंपळवंडीच्या नंदाला लावला.

“गोळी एकदम बंद करू नका, पण उद्याच या. औषध बदलायचंय.”

“आमी तर तुमी सांगितलं तशीच घेतो, मॅडम. एक दिवस चुकवली न्हाई. आमचं काय चुकलं?”

“तुमचं काही नाही,” मी म्हटलं. आणखी एकदा म्हटलं, आणि उरलेल्या चाळीस केसपेपरांतला पुढचा समोर ओढला.