चकव्यातला फ्रेडी

गोराईच्या ‘चंदेरी नगरी’त मंगळवारी सकाळी दहा वाजता चाळीस-पन्नास माणसं चकव्याखाली गोळा झाली होती. चकवा म्हणजे तिथली जुनीपुराणी रोलर कोस्टर. नवे रूळ, नवी वायरिंग, बोगद्यातल्या भुतांना नवा रंग, सगळं होऊन पुढच्या आठवड्यात उद्घाटन होतं. आणि चाचणीची गाडी वाळूच्या गोण्या घेऊन बोगद्याच्या तोंडाशी आली की आपोआप थांबायची. तीही फक्त मंगळवारी आणि शनिवारी!

बोगद्यात फ्रेडी दिसतो, असं आधी रंगाऱ्याने सांगितलं. फ्रेडीने तीस वर्षं ही गाडी चालवली आणि गेल्या वर्षी काविळीने गेला. त्याचा जिवाभावाचा दोस्त म्हणजे चकव्याचा फिटर बाळा. त्याने शनिवारी स्वतः आत डोकावून पाहिलं. काळोखात, रुळांच्या वर, फ्रेडीचा हसरा चेहरा अधांतरी तरंगत होता. बाळाची पाचावर धारण बसली. तेव्हापासून त्याला ना अन्न गोड लागत होतं, ना झोप येत होती.

मॅनेजर राजेशने बोरीवलीहून लहरीबाबाला बोलावलं. बाबा गॉगल लावून फेरीबोटीतून उतरला. चौदाही भुवनांत आपलं नेटवर्क आहे, फक्त गोराईत रेंज जरा कमी येते, असं म्हणाला. मंगळवार-शनिवार हे आत्म्याचे वार, हेही त्याने छातीठोकपणे सांगितलं. ते वार राजेशनेच त्याला फोनवर सांगितले होते, पण घाबरलेल्या माणसाला एवढं कुठलं आठवायला!

फ्रेडी चिडलाय तो बोगद्याच्या तोंडाशी बसवलेल्या नव्या इलेक्ट्रिक डोळ्यावर, असं निदान झालं. तेव्हा डोळ्याची वायर काढायची, दोस्ताला पहिल्या डब्यात बसवायचं आणि मागोमाग दुसऱ्या गाडीतून एकशे आठ नारळ सोडायचे. बाळाने मान डोलावली. नाही म्हणायची छाती कुणाची होती? तो डब्यात बसला, छातीवर दांडा खाली आला, आणि घरी बायकोला, नलिनीला, काहीच सांगून आलो नाही हे त्याला तेव्हा आठवलं.

तेवढ्यात नव्या वायरिंगची इंजिनियर सुलक्षणा धावत आली. तो डोळा तिनेच बसवला होता. रुळाला आडवा जाणारा तो एक किरण. किरण अडला की यंत्राला वाटतं, पुढे गाडी अडकलीय, आणि ते मागच्या गाडीला ब्रेक लावतं.

“काका, उतरा. वायर काढली आणि ही गाडी आत जरा जरी रखडली, तर मागची येऊन तुमच्यावर आदळेल.”

“तो फ्रेडीच आसा गो,” बाळा पुटपुटला. “माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी.”

“मग चला, मला दाखवा. चालत जाऊ.”

तिने त्याचा हात धरला. तिचाही हात गार पडला होता, हे बाळाला जाणवलं. दोघं आत शिरले. वीसेक पावलांवर तो चेहरा होताच, तसाच हसणारा. बाळा मागे सरकला. सुलक्षणा थांबली नाही. तिने त्याचा हात उचलून सरळ पुढे नेला.

बोटांना लागली ती काच. गार, सपाट, रुळांच्या कडेला तिरकी लावलेली.

ही काच बाळाची चांगली ओळखीची होती. बाजूच्या खोक्यात बाहुली आणि दिवा ठेवला की हिच्यात हडळ तरंगायची. तीस वर्षं त्याने ती जुन्या वर्तमानपत्राने पुसली होती. ती भंगारात गेली अशीच त्याची समजूत होती. आता खोक्यात बाहुलीऐवजी फ्रेडीचा फोटो होता, कॅन्टीनच्या भिंतीवरून रंगकामासाठी उतरवलेला. फोटोच्या काठावर ओल्या रंगाची बोटं उमटली होती. रंगारी बाबाचा भाचा होता आणि दक्षिणा उकळायला दोघांनी हा बनाव रचला होता, हे नंतर कळलं.

“मग गाडी कोण थांबवतं?” बाळाने विचारलं.

सुलक्षणाने परत बोगद्याच्या तोंडाशी येऊन खांबावर टॉर्च मारला. डोळ्याच्या अगदी समोर झेंडूचा टपोरा हार लोंबत होता.

बाळा मटकन खाली बसला. हार त्याचाच होता. नोकरीला लागल्यापासून दर मंगळवारी आणि शनिवारी याच खांबाला त्याचा हार. आज तर भीतीने डोळे मिटूनच घातला होता. डोळा त्याच खांबावर बसवलाय, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी फुलं सुकून चिपाड झाली की किरण मोकळा व्हायचा आणि गाडी सुटायची.

हार काढला. गोण्यांची गाडी धडधडत बोगद्यातून पार झाली. माझ्या मंत्रानेच गेली, असं बाबा लगेच म्हणाला. सुलक्षणाने हार पुन्हा घातला, गाडी थांबली. काढला, गाडी गेली.

“तुमच्या मंत्राला झेंडूचं वावडं दिसतंय,” ती म्हणाली. बाबा फेरीची वेळ विचारायला लागला. पण पोलीस येईपर्यंत राजेशने त्याला हलू दिलं नाही.

बाळाने फोटो पुन्हा कॅन्टीनच्या भिंतीला लावला आणि हार त्याला घातला. त्याचे डोळे भरून आले होते. सगळे जमलेच होते, त्यांना तो म्हणाला, “भीती वाटली तर वाटू द्या, मलाही वाटली. पण कुणी सांगितलं म्हणून वायर काढू नका. आधी दिवा लावा, हात लावून बघा. तीस वर्षं जी काच मी पुसली, तिच्यातच मला भूत दिसलं. आणि त्यापायी आज मी मेलो असतो.”