बर्फीचं दार

आमच्या घरी दिवेलागणीले मागचं दार बंद होते अन् समोरचं उघडते. लक्ष्मी समोरून येते अन् मागून जाते, असं आमच्या सासरी मानतात. माझ्या माहेरीही मानायचे, पण तिथं माणसं विसरूनही जायचे. इथं विसरायची सोय नाही. देवश्रीचे बाबा सिंचाई विभागात ओव्हरसिअर होते. नहराचं, म्हणजे कालव्याचं, कोणतं गेट उघडायचं अन् कोणतं पाडायचं, हे सांगण्यातच या माणसाची सारी नोकरी गेली. रिटायर झाले तर नहर सरकारकडं राह्यला अन् सवय घरी आली. दिवे लागले की मागच्या दाराची कडी लावतात, समोरचं दार सताड उघडतात अन् दारातच खुर्ची टाकून बसतात. लक्ष्मीचं माहीत नाही, मच्छर मात्र नेमानं येतात.

मी काही म्हणत नाही. म्हणजे म्हणते, पण ऐकते कोण?

देवश्री आमची एकुलती एक पोरगी. ती आमच्या हातची गेली ते मांजरीपायी, असं तिच्या बाबाचं म्हणणं हाय. बर्फीले तिनं घरामागच्या बाडीतून उचलून आणलं होतं, एवढुसं पांढरं पिल्लू. ते सारखं आजारी पडे. देवश्री त्याले थैलीत घालून जनावराच्या दवाखान्यात नेत जाये. तिथं अश्विन डॉक्टर. मांजर बरी झाली, पण पोरीचं दवाखान्यात जाणं काही थांबलं नाही. अश्विन रामपायलीकडचा, बौद्ध घरचा, बोलायले गोड, हातचा हलका. यायनं, म्हणजे देवश्रीच्या बाबानं, त्याचं बोलणं पाह्यलं नाही, हात पाह्यला नाही, जात तेवढी पाह्यली.

"जायचं असंन तर माझ्यासमोरून जाऊन दाखव," म्हणाले, अन् समोरच्या दारात खुर्ची टाकून बसले.

बापाच्या डोळ्यासमोरून जायची हिंमत पोरीले झाली नाही. ती मागच्या दारानं गेली, अंगावरच्या कपड्यानिशी, ऐन दिवेलागणीले. कोर्टात लग्न झालं. त्याले आता दोन वर्षं होऊन राह्यले. घरात तिचं नाव निघत नाही. मी यायले 'देवश्रीचे बाबा' म्हणून हाक मारते, तेवढंच.

अन् पोरगी राहते कुठं? एवढं मोठं बालाघाट पडलं हाय, पण हिनं भाड्यानं घर घेतलं ते आमच्या बाडीतून ज्याचं छप्पर दिसते ते. मी तिले गुजरीच्या भाजीबाजारात भेटते. दोघी मायलेकी वांगे चिवडत उभ्या राहतो, वांगेवाला वैतागते. तिच्या घरी मी एकदा गेली होती, तर हे दोन दिवस धड जेवले नाहीत. तिले आमच्या घरी बोलवायची तर गोष्टच सोडा. मले काही जास्त नको होतं. पोरीनं एकदा माझ्या चुलीपाशी बसून माझ्या हातचा गरम भात खावा, एवढंच पाहिजे होतं. तेवढंच होत नव्हतं.

बर्फीले मात्र कोणाची मनाई नव्हती. सकाळी उघड्या दारानं ती देवश्रीकडं जाये, संध्याकाळी आमच्याकडं ये. एक दिवस गळ्यात लाल पट्टा घालून आली. मग त्या पट्ट्याले घुंगरू आलं. यायनं ते घुंगरू चश्मा लावून पाह्यलं.

"बाजारू दिसते," म्हणाले.

काढलं नाही.

अडचण एकच होती. बर्फी येत होती ती दिवे लागल्यावर. तवा मागच्या दारावर कडी. समोरून येईन म्हणावं तर समोर गल्लीतले कुत्रे. मग ती मागच्या दाराशी बसून असा गळा काढे की शेजारच्या अंजनाबाईनं एकदा विचारलं, "काहून वो सुनंदाताई, घरी पाहुण्याचं लेकरू आलं का?"

"अवो, उघडा न तिले," मी म्हणे.

"दिवे लागले."

"मांजरीले काय समजते दिव्याचं?"

"लक्ष्मीले समजते."

अन् समोर बसून कान मागं. जेवणाची वेळ झाली की मग कडी काढत, अन् मांजरीवरच ओरडत, की वेळेवर यायले काय होते तुले.

हे सारं मी देवश्रीले गुजरीत सांगतलं. आठवड्याभरात माझ्या नावानं पार्सल आलं. आत प्लास्टिकची चौकट अन् तिच्यात झडपेसारखं झुलणारं पारदर्शक पाट. दाराले भोक पाडून त्यात हे बसवायचं, मग मांजर आपल्या मनानं ये-जा करते. यायनं डब्बा उलटापालटा करून पाह्यला.

"कोणं मागवलं?"

"मी."

"तुले मोबाइलवर बिजलीचं बिल भरता येत नाही, अन् हे मागवता आलं?"

"हौ."

माझ्याकडं पाह्यलं. मी भाजी निसत राह्यली. पुढं काही विचारलं नाही. मांजर डोळे मिटून दूध पिते म्हणतात, आमच्या घरी माणसंही मिटतात.

पण दाराले भोक! सागवानी दार, यायनं स्वतः टालावर जाऊन लाकूड निवडलेलं. अन् त्याहून मोठा प्रश्न लक्ष्मीचा.

मी म्हटलं, "एवढ्याशा भोकातून लक्ष्मी काय जाईन?"

"जायची असली की चाळणीतूनही जाते."

पण डब्ब्यावरचे चित्रं पाहता पाहता यायचे डोळे चमकले. त्या चौकटीले एक बटन होतं. एका बाजूले फिरवलं की दोन्हीकडून बंद, दुसऱ्या बाजूले फिरवलं की दोन्हीकडून उघडं. अन् मधात एक अशी जागा, की फक्त आत येता येते, भाईर जाता येत नाही.

"हे पाय," म्हणाले. "याले म्हणतात गेट. मांजर आत येईन, लक्ष्मी भाईर जाणार नाही."

इतके खुश मी यायले रिटायरमेंटच्या हारातही पाह्यलं नव्हतं.

आधी टेबलावर ठेवून परीक्षा केली. एका बाजूनं बोट लावलं, पाट हललं. दुसऱ्या बाजूनं लावलं, नाही हललं. "बराबर," म्हणाले. मग बर्फीले धरून तिच्या खांद्याचं माप घेतलं. तिनं बोचकारलं, त्यावर हळद लावली. पेन्सिलीनं दारावर चौकोन आखला. कटर चालवला तवा स्वतःच डोळे मिटले होते, मीच ओरडली की बाप्पा, समोर पाहा, बोट जाईन. दुपारपर्यंत चौकट बसली, बटन मधातल्या जागेवर. कंपनीचं नाव भाईरच्या अंगानं, सरळ, एक नंबर.

"नाव भाईर पाहिजे," म्हणाले. "पाटी कोणी घरात लावते का?"

मलेही ते पटलं.

त्या संध्याकाळी बर्फी आली नाही.

मागं थोडीशी खडखड झाली, दोनदा घुंगरू वाजलं, मग शांत. हे समोरून म्हणाले, "नवं हाय, शिकन." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तर खडखडही झाली नाही. दुधाची वाटी भरलेली तशीच. सकाळी यायनं ते दूध झाडाच्या बुडाशी ओतलं अन् वाटी धुऊन पुन्हा भरली.

"दोन घरी जेवणारी जात," म्हणाले. "तिकडंच राह्यली."

माणसं तर तुटलेच होते. दोन घरात जाणं-येणं असलेलं एक मांजर होतं, आता तेही तुटलं.

दुपारी देवश्रीचा फोन आला. आवाज असा, की मी हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"आई, बाबानं त्याले लॉक लावलं का?"

"नाही वं. काहून?"

"बर्फी जाते तुमच्या दाराशी. डोकं मारते, उघडत नाही. परत येते अन् माझ्याकडंच गुरगुरते. मी काल मागच्या गल्लीत येऊन पाह्यलं, आई. बटन फिरवून कसून ठेवलं हाय." मग नाक पुसलं. "मले नाही तर नाही. मांजरीलेही नाही का?"

अन् रडायले लागली. पोरगी गेली त्या दिवशी रडली नव्हती.

माझं डोकं असं फिरलं की काय सांगू! हे वर्तमानपत्र वाचून राह्यलते. मी समोर जाऊन उभी राह्यली.

"तुम्ही मुद्दाम लावलं."

"काय?"

"मांजर येऊ नये म्हणून. पोरीचं घुंगरू घरात नको म्हणून. सुंभ जळला तरी पीळ जाऊन नाही राह्यला तुमचा!"

हे माझ्याकडं पाहत राह्यले. पेपर खाली आला. मग उठून चप्पल घातली अन् चालले गेले, नदीकडं असंन. परत आले ते दिवेलागणीलेच. मागची कडी लावली, समोरचं दार उघडलं, खुर्ची टाकली. मी स्वयंपाकघरात, मागच्या दारापाशी, तांदूळ निवडत बसली. निवडायले त्यात काही नव्हतं.

अन् मागं घुंगरू वाजलं.

पाटावर धडक बसली. पुन्हा बसली. मग पाटाच्या पलीकडून आवाज आला, हळूच.

"आई."

मी भुईवर बसली ते बसलीच. पारदर्शक पाटातून धूसर काही दिसत होतं, एक हिरवी ओढणी अन् पांढरी मांजर. पोरगी उंबरठ्याशी उकिडवी बसली होती, दोन वर्षांनी.

"या इकडं!" मी समोर पाहून ओरडली. "या, पाहा आपल्या डोळ्यानं!"

हे आले. दाराशी उभे राह्यले. मग देवश्री म्हणाली,

"बाबा."

हे चश्मा पुसायले लागले.

"बाबा, आता जवळून पाह्यलं मी, हे उलटं लावलं तुम्ही."

"उलटं?" ओव्हरसिअर जागा झाला. "उलटं कसं? नाव भाईर हाय."

"नाव आत पाहिजे."

"पाटी कोणी घरात लावते का?"

"पाटी नोहे बाबा ते. आता आतून ढकललं की उघडते अन् भाईरून नाही."

"मी टेबलावर पाह्यलं होतं."

"टेबलाले आत-भाईर नसते, बाबा."

हे गुडघे धरत धरत खाली बसले अन् आतून एक बोट पाटाले लावलं. पाट लगेच भाईर गेलं. समोर पोरीचा चेहरा होता, हातभर अंतरावर. यायनं हात काढला नाही. पाट तसंच उचलून धरलं. बर्फी यायच्या हाताखालून आत आली अन् सरळ वाटीपाशी गेली.

"म्हणजे मी मुद्दाम लावलं, असं समजली ती?" मले विचारलं, पण पाहत होते भोकातूनच.

"मीही तेच समजली," मी म्हटलं. खोटं काय बोलावं! अन् उठून कडीले हात घातला.

"ते उघडू नको," हे म्हणाले. "दिवे लागले."

माझ्या अंगाचा भडका झाला. "आग लागो तुमच्या त्या लक्ष्मीले! पोटची पोरगी दाराशी बसली हाय अन् तुम्ही दिवे पाहून राह्यले! किती दिवस अजून?"

"मग मागून काहून येते ती?" हेही ओरडले. इतक्या जोरानं, की बर्फीनं दूध पिणं थांबवलं. "रोज संध्याकाळी समोरचं दार उघडून बसतो न मी. दोन वर्षं झाले बसतो. दिसत नाही का तिले?"

मी कडीवरचा हात काढला. इतके दिवस मी मच्छरच मोजत होती.

पलीकडं चपला वाजल्या, बाडीच्या फाटकाची कडी पडली अन् गल्लीतून धावण्याचा आवाज आला. मागून समोर यायले चांगला वळसा पडतो. कुत्रे भुंकले.

देवश्रीचे बाबा भिंतीले धरून उठले. झटपट समोर गेले अन् दारातली खुर्ची उचलून बाजूले ठेवली.

ती आली तवा तिले दम लागला होता. उंबरठ्यावर थांबली. बापानं तिच्याकडं पाह्यलं, मग तिच्या मागच्या गल्लीत पाह्यलं. तिथं कोणी नव्हतं.

"एकटीच आली का?" म्हणाले. "उद्या त्या डॉक्टरले घेऊन ये. ते उलटवायचं तर दोन माणसं लागतात. एक आतून धरायले, एक भाईरून."

देवश्रीनं ओढणीनं डोळे पुसले. "त्यानं कुठून धरायचं, बाबा?"

यायनं विचार केला. नहराचं कोणतं गेट उघडायचं हे ठरवायचे तवा करायचे, तसाच.

"आतून," म्हणाले. "भाईर मी बसतो. मले स्क्रू दिसले पाहिजे."

मी आत जाऊन भात चढवला.