सरावाच्या आजोबांचं वजन

"अहो आजोबा, गुडघा तरी वाकवा की! सगळं काय मीच करायचं?"

माझ्या कानाशी ही कुरकुर झाली. कुरकुरणारी बाई माझ्या काखेत हात घालून मला खाटेवर बसतं करत होती. मला गुडघा वाकवता आला असता, तर मी केव्हाच उठून पळालो असतो. पण मित्रांनो, मी एक जुना, कापडाचा आणि रबराचा आजारी आहे. घरोघरची आजारी माणसं सांभाळायचं काम जिथे शिकवतात, त्या केंद्रात मी वीस वर्षं आजारी पडून आहे. एकदाही बरा झालो नाही.

एका सुताराने माझा सांगाडा केला, त्याच्या बायकोने मला शिवलं. मांड्यांत, पोटात, पाठीत कापूस आणि वाळूच्या पिशव्या भरल्या. वजन सत्तर किलो भरलं, तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली, "झाला तुमच्याएवढा. हलतोही तुमच्याइतकाच."

केंद्रातल्या शिकवणाऱ्या ताई तेव्हा तरुण होत्या. नवऱ्याने टाकलेल्या, कारखाना बंद पडून घरी बसलेल्या बायका त्यांच्याकडे येत. पहिल्या आठवड्यात मला उचलताना घामाघूम होत. "कंबर नको, गुडघे वाकवा! अंगाशी घ्या त्यांना!" ताई ओरडत. तीन महिन्यांनी त्याच बायका मला अलगद खुर्चीत बसवत. एकजण तर कामाला लागल्यावर मुद्दाम मला भेटायला आली आणि माझी कॉलर नीट करून गेली.

पुढे शिकवणीच्या तीन महिन्यांचे तीन आठवडे झाले. वरून पत्र आलं की तीसच्या तीस बायका पास झाल्या पाहिजेत, नाहीतर केंद्र बंद. तीन आठवड्यांत मी कुणाला उचलवणार? परीक्षेच्या आदल्या दिवशी ताईंनी माझी शिवण उसवली आणि वाळू काढून ठेवली. "या वेळेपुरतं हं, आजोबा," म्हणाल्या. त्यालाही सहा वर्षं झाली.

तेव्हापासून सगळ्या पास होतात. भिंतीवर ढाल लागली. मला मात्र चैन नाही. रिकाम्या पोटी कुणाला असतं? मित्रांनो, मला पुसून चकाचक ठेवतात, चादरही रोज बदलतात. माझी खरी निगा राखायची असेल, तर मला जड ठेवा. मी इथे त्रास दिला नाही, तर तो बाहेर कुणाला तरी होतो.

तो झाला या कुरकुरणाऱ्या बाईला. ती बाटल्यांच्या कारखान्यातली. पंचेचाळिसाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा पास झाली आणि एका घरी लागली. चौथ्या दिवशी तिथले खरे आजोबा तिच्या हातांतून निसटले. हाड मोडलं नाही, पण काम गेलं. म्हणून ती पुन्हा सरावाला यायला लागली.

आज तपासणीच्या बाई आल्या. खाटेभोवती जुन्या-नव्या बायका बसवल्या होत्या.

"शिकवणं कसं होतं?"

"छान," सगळ्या एका सुरात.

"मग सहा महिन्यांनी तिसांतल्या चारच कामावर कशा?"

केंद्राचा कारकून घाईने म्हणाला, "बायकांना चिकाटी नाही हो. दोन दिवस जातात, की लागली पाठ दुखायला."

बायका फरशीकडे बघू लागल्या. मी हलका आहे हे जुन्या सगळ्यांना ठाऊक होतं. खऱ्या माणसाला एकदा हात लावला की कळतंच. पण बोललं तर केंद्र जाईल, ताई जातील.

तपासणीच्या बाई कारखानेवालीकडे वळल्या. "तुमच्या हातून म्हातारे गृहस्थ पडले म्हणे?"

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "हातात जोर नाही माझ्या."

"असं असेल तर मला 'कामास अयोग्य' लिहावं लागेल. मग इथून पुन्हा काम मिळणार नाही तुम्हाला."

"लिहा की. खरं तेच लिहायचं."

बाईंनी पेन उघडलं. माझ्या अंगात कापसाशिवाय काही उरलं नव्हतं, तरी ते सगळं ओरडत होतं. ऐकणार कोण?

ताई पायथ्याशी उभ्या होत्या. माझी चादर सारखी करता करता त्यांचे हात थांबले.

"तिचं नाव नका लिहू. तिच्या हातांत काही खोट नाही," त्या म्हणाल्या. "मी तिला शिकवलंच नाही. आजोबांमधली वाळू मी काढली. सहा वर्षांत मी एकीलाही खरं माणूस उचलायला शिकवलेलं नाही."