गव्हावर गहू

"हे गहूच आहेत, दादा."

डब्याचं झाकण हातात धरून क्षमा म्हणाली. विद्याधर दारात चपला काढत होता. एक चप्पल पायात ठेवून तो तसाच थांबला.

"गिरणी बंद होती?"

"नाही."

"वीज गेली होती?"

"नाही. गर्दी होती."

"सकाळचा गेलास तो आता जेवायच्या वेळेला उगवतोयस. एवढी कसली रे गर्दी? अख्खं मुलुंड आजच दळायला आलं होतं का?"

विद्याधर हसला. नको त्या वेळी हसायची ही खोड आजारपणानंतरची. क्षमाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"पीठ घेतल्याशिवाय घरात पाऊल टाकू नकोस," ती म्हणाली.

त्यानं काढलेली चप्पल पुन्हा पायात घातली, डबा उचलला आणि तो गेला.

"अगं, जेवू तरी द्यायचं होतंस," आतून आई म्हणाली. "किती गं बोलतेस त्याला! नजर लागलीय माझ्या लेकाला."

"नजर कसली, आई? आळस आहे नुसता."

ही वादावादी आता रोजची झाली होती. विद्याधर विमा कंपनीत नोकरीला होता. हिशेबात असा हुशार की साहेब कागद-पेन्सिल काढेपर्यंत याचं उत्तर तयार असे. मग एके वर्षी त्याला आवाज ऐकू यायला लागले. कपाटातून, नळातून कुणीतरी त्याच्याशी बोले, आणि तो ओरडून उत्तरं देई. ठाण्याच्या इस्पितळात ठेवलं, विजेचे झटके दिले, आणि खरोखरच आवाज थांबले. आवाज गेले म्हणजे आजार गेला, असं घरात सगळ्यांनी धरलं. मग उरलं ते काय? आंघोळीला गेलेला माणूस कोरडाच बाहेर येतो, चहा करायला बसला तर आधण आटेपर्यंत भांड्याकडे बघत राहतो, याला काय म्हणायचं? आई नजर म्हणे. सांताक्रूझला राहणारा मोठा भाऊ, अण्णा, म्हणे की तुम्ही त्याला लाडावून ठेवलाय. क्षमा मनातल्या मनात सोंग म्हणे. ती शाळेत मास्तरीण होती. कामचुकार मुलं तिला दुरून ओळखू येत, निदान तिची तशी समजूत होती.

शेवटी गेल्या आठवड्यात तिनंच अण्णाला सांगितलं, "मला शाळा सांभाळून हे झेपत नाही. परत ने त्याला ठाण्याला." आज रविवार. अण्णा दुपारी यायचा होता, विद्याधरची ट्रंक भरून तयार होती. पण सकाळी उठल्यापासून क्षमाचं मन खात होतं. म्हणून तिनं मनाशी ठरवलं की आज दादानं धडपणे दळण आणलं तर अण्णाला एकट्यालाच परत पाठवायचं. विद्याधरला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. न सांगता घेतलेली परीक्षा होती ती. आणि त्यात तो सपशेल नापास झाला होता.

अण्णासाठी पोळ्या तर करायलाच हव्या होत्या. ती वाटी घेऊन शेजारी सुगंधाबाईंकडे गेली. सुगंधाबाई नुकत्याच गिरणीतून आल्या होत्या, पीठ पसरट परातीत निववत होत्या.

"तुमचे भाऊ म्हणजे देवमाणूस हो," त्या म्हणाल्या. "दर खेपेला मला आपला नंबर देतात. आज तर तळमजल्यावरच्या माणिकलाही दिला, मागून आलेल्या मद्रासी बाईलाही दिला. तुम्ही घ्या, तुम्ही घ्या, म्हणतात बिचारे."

क्षमानं वाटी तिथंच ठेवली आणि ती निघाली.

गिरणीत पट्ट्याची धडधड चालू होती. विद्याधर भिंतीला लागून डबा छातीशी धरून उभा होता. भुवया, केस, शर्टाची कॉलर, सगळं पिठानं पांढरं झालेलं. त्याचा नंबर आला. गिरणीवाला काशीराम गिरणीच्या आवाजावर ओरडला, "काय भाऊ, परत आलात? बाजरी चाललीय बघा. बाजरीवर टाकू का गव्हाला थांबता? जाड पाहिजे का बारीक? बोला लवकर!"

विद्याधरनं तोंड उघडलं. त्याचे ओठ हलले. काशीराम क्षणभर थांबला असेल, नसेल. तेवढ्यात त्यानं मागच्या बाईचा डबा ओढला. विद्याधर एक पाऊल मागं सरला आणि अदबीनं म्हणाला, "तुम्ही घ्या."

क्षमा पायरीवरच उभी राहिली. सकाळी आईनं काय काय सांगितलं होतं ते तिला आठवलं. गव्हावरच गहू टाक म्हणावं, बाजरीवर दळलेल्या पिठाची पोळी काळपट होते, बारीक दळ म्हणावं, आणि गरम पीठ लगेच झाकू नको, घामेजतं. सगळं एका दमात. तिच्या वर्गात नीला नावाची, अभ्यासात मागे पडणारी मुलगी होती. तिला क्षमा एक ओळ सांगे, ती लिहून होईपर्यंत थांबे, मग दुसरी सांगे. त्याबद्दल तिला स्वतःचं केवढं कौतुक होतं! आणि घरी? घरी तिला लहानपणी काळ-काम-वेगाची गणितं शिकवणारा दादा होता. नीलाला येत नाही हे तिला पटत होतं, दादाला येत नाही हे मात्र कधी पटलंच नाही. त्यापेक्षा त्याला लबाड ठरवणं सोपं होतं.

ती त्याच्याजवळ गेली. "दादा, गव्हावर गहू. एवढंच सांग."

"गव्हावर गहू," विद्याधर काशीरामला म्हणाला.

मग ती म्हणाली, "बारीक."

"बारीक," तो म्हणाला.

दळण झालं. डब्याला झाकण न लावता दोघं घराकडे निघाली.

"सांगितलं का नाहीस रे कधी?"

दोघं कोपऱ्यावरून वळली. क्षमानं पुन्हा विचारलं नाही.

"एक विचारलेलं समजेपर्यंत दुसरं येतं," तो म्हणाला. "मग पहिलंही जातं. ते शोधायला गेलो की लोक चिडतात."

"आवाज येतात अजून?"

"नाही." थोडं पुढं गेल्यावर तो म्हणाला, "आवाज होते तेव्हा बरं होतं."

"असं काय बोलतोस?"

"तेव्हा तू मला आजारी म्हणायचीस."

क्षमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रस्त्यात सगळ्यांच्या देखत ती पदरानं डोळे पुसत होती, आणि विद्याधर पिठाकडे बघत, डबा तिरका होऊ नये म्हणून जपून चालत होता.

घरी अण्णा येऊन बसला होता. त्याच पिठाच्या पोळ्या झाल्या, जेवणं झाली. हात पुसत अण्णा म्हणाला, "चला, आटपा. अंधाराच्या आत ठाण्याला पोचायला हवं."

"दादा कुठेही जाणार नाही," क्षमा म्हणाली.

"वा! परवा तूच रडत आली होतीस ना?"

"चुकलं माझं."

तेवढ्यात विद्याधर आतून ट्रंक घेऊन आला. कपडे बदलून, भांग पाडून.

"ठेव ती खाली, दादा."

"तिथं बरं असतं," तो म्हणाला. "ते एकेक सांगतात. उठा म्हणतात. उठलं की मग चहा घ्या म्हणतात."

"मीही एकेकच सांगेन. आई पण सांगेल."

विद्याधरनं त्यावर विचार केला. मग विचारलं, "आणि तुला राग नाही येणार?"

नाही, एवढं म्हणायला काय लागत होतं? त्याचा विश्वासही बसला असता. पण उद्या सोमवार होता. सकाळी आईचा दमा, पाण्याची गडबड, शाळेची घंटा, आणि चुलीपाशी भांड्याकडे बघत बसलेला दादा. क्षमाला स्वतःचा स्वभाव चांगला माहीत होता. आज त्याच्याशी खोटं बोलायला तिची जीभ धजेना.

"अगं, हो की नाही ते बोल ना एकदाचं," दाराशी उभा असलेला अण्णा वैतागून म्हणाला. "उशीर होतोय."

"तिला घाई करू नकोस," विद्याधर म्हणाला, आणि ट्रंक हातात तशीच धरून तो तिच्यासमोर उभा राहिला.