वहिनीची पेरणी

बियाण्याचं मडकं दिरानं उचललं, तसं वहिनीनं धावत येऊन त्याचा काठ धरला.

"सोडा वहिनी! बाहेर बघा, सगळा डोंगर पेरायला लागलाय."

"लागू दे. हा पाऊस टिकायचा नाही, भाऊजी. गेल्या साली असाच आला, त्याच्या आधीच्या साली असाच. कोंब वर काढले आणि तोंड काळं केलं. पुन्हा आला तेव्हा शेतात होतं काय?"

"बाबा शिखरावर ढग बसला की पेरायचे."

"बाबांचा ढग बसायचा. हा नुसता डोकावून जातो."

"आणि तुमचा तो मागून येणारा पाऊस आलाच नाही तर?"

वहिनीनं मडक्याचा काठ सोडला नाही. नवरा गेल्यापासून ती, तिची लहान पोर आणि हा दीर, एवढंच घर. नाचणीही त्या मडक्यात होती तेवढीच. खाल्ली तर पेरायला नाही, पेरली तर खायला नाही. शेवटी नाचणीच्या वाटण्या झाल्या. खालच्या पायऱ्यांच्या शेतात दिरानं आपली अर्धी पेरली. वरची शेतं वहिनीनं नांगरून नुसती ठेवली.

दिराचं शेत हिरवंगार उठलं. येणारा-जाणारा वर बघायचा आणि म्हणायचा, "वहिनीबाईंनी ढेकळं पेरलीत वाटतं!" वहिनी मान खाली घालून दगडी बांध नीट करत राहायची.

मग ऊन पडलं. ते पडलं ते हटेचना. दीर झऱ्यावरून खांद्यावर पाणी वाहू लागला, तर झराच करंगळीएवढा झाला. कोंब पिवळे पडले आणि हातात घेतले तर चुरा होऊ लागला.

"बोला की आता," तो बांधावर बसून म्हणाला. "सांगितलं होतं म्हणून बोला."

"काय बोलू? तुमचं वाळलं ते काय परक्याचं वाळलं?"

घरात चूल एका वेळेवर आली. पोर भुकेनं रडायची, थकली की झोपायची. एकदा वहिनीनं मडक्यात हात घातला, मूठ भरून बाहेर काढली. पोरीकडं बघत कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. मग मूठ मडक्यात सोडली आणि अंगणात जाऊन तोंडात पदर कोंबून रडली.

वारा फिरला आणि दरीकडून ओला येऊ लागला, त्या दिवशी तिनं दाणा न् दाणा पेरला. पाऊस आला. अगदी तिला हवा होता तसा, शांत, मुरणारा. रोपं वीतभर झाली. टोमणे मारणारी माणसं आता बांधाशी थांबून मुकाट्यानं बघू लागली.

आणि एका भर दुपारी आभाळ फाटलं. समोरचं माणूस दिसेना. वरचा बांध फुगला, फुटला आणि वहिनीचं निम्मं शेत रोपांसकट घसरत दिराच्या जळक्या शेतात येऊन पडलं.

वहिनी चिखलातच बसली. "वेळ साधली होती हो भाऊजी," ती म्हणाली. "वेळ तेवढी बरोबर साधली होती."

दीर धावत आला. आता हा काय बोलेल ते ऐकायचंही त्राण तिच्यात नव्हतं. तो थेट चिखलात उतरला. गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी चिखल उपसू लागला. गाळातून त्यानं रोपांचा एक झुबका ओढला आणि पावसात धरून धुतला.

"वहिनी, मुळं शाबूत आहेत. उठा! माझं शेत रिकामंच आहे की, इथंच लावू."

ती उठली. पाठीवर पाऊस झोडपत होता. तो रोपं उपसून देत होता आणि ती लावत होती. पुष्कळशी मोडली होती, ती बाजूला पडत होती. उरलेली माना टाकूनच उभी राहत होती.

"आता हा पाऊस किती दिवस राहील, वहिनी?" दिरानं हळूच विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यानं तिला असं विचारलं होतं.

वहिनीनं वर बघितलंसुद्धा नाही.

"मला काही कळेनासं झालंय, भाऊजी. रोप द्या इकडं."