समज दिली

मी चंपतराव. आदिलाबादेत मावल्याजवळ कापसाची जिनिंग आहे, तिथं बत्तीस वर्षं फिटर होतो. मागच्या दसऱ्याले मले बढती भेटली, निरीक्षक म्हणून. काम काय, तर लोकं काम करताना त्यायच्याकडं पाह्यत उभं राह्यचं. हसू नका. माह्यी बायको बी अशीच हसली होती. म्हणे, घरात तर हेच करता तुमी, त्याचा पगार बी भेटून राह्यला का आता?

हे खूळ भार्गव साहेबायचं. आमचे सेफ्टीचे साहेब. आदिलाबादचेच, जुन्या नोकरदार घरातले, पुस्तकातल्यासारखं मराठी बोलणारे. माणूस वाईट नाही, मले काका म्हणतात. त्यायनं मले पिवळं जाकीट देलं अन् कार्डायचा एक गठ्ठा देला. रोज दहा कार्डं भरायची. एकेका माणसापाशी पंधरा मिनिटं उभं राह्यचं, मंग त्याले बाजूले घ्यायचं, आधी त्याची एक चांगली गोष्ट सांगायची, मंग चूक सांगायची, मंग सही घ्यायची. कार्डाच्या बुडाशी छापेल होतं, 'कामगारास समज दिली'. त्याच्यासमोर एक चौकोन. त्यात खूण केली का कार्ड पुरं.

मी उभा राह्यलो का सारे शहाण्यावानी काम करत. नाकावर फडकं, डोळ्यावर चष्मा. मी पाठ फिरवली का फडकं गळ्यात अन् चष्मा कपाळावर. सरकत्या पट्ट्यावर कापसातला कचरा निवडणारी गयाबाई तर मले पाहूनच दात काढे. "चंपतभाऊ, आज माही चांगली गोष्ट कोणती जी? काल पदर खोचला म्हणून सांगतलं, परवा बी पदरच खोचला होता. आज काहीतरी नवं काढा!" साऱ्या बाया खिदळायच्या. माह्या मस्तकात तिडीक जाये. अरे, मी का हौसेनं उभा आहो? बत्तीस वर्षांत चार हात गेलेले पाह्यले मी. एक तर माह्या डोळ्यासमोर गेला, अन् त्या माणसाले पहिल्यांदा समजलंच नाही, तो मलेच म्हणाला, चंपत, हे रगत कोणाचं? म्हणून मले एकच वाटे, हा हंगाम एकबी हात न जाता निघाला पाह्यजे. बाकी तुमी मले काय हसायचं ते हसा.

आता प्रेसचं सांगतो. आमच्याकडं रुई पेटीत दाबून तिची गाठ करतात. दोन माणसं लागतात. एक जण पेटीच्या फटीतून हात घालून गाठीभोवती लोखंडाच्या पट्ट्या ओवते. दुसरा दांड्यापाशी उभा असते. पट्ट्या ओवून झाल्या का पहिला वरडते, "वढ!" मंग दुसरा दांडा वढते अन् शेवटचा दाब बसते. नियम असा का दांडा वढायच्या आधी समोरच्याचे दोनी हात बाहेर दिसले पाह्यजे. आवाजावर नाही जायचं, हात पाह्यचे.

ह्या हंगामात पट्ट्या ओवायले राजन्ना होता. करीमनगरकडचा, नवाच आलेला, मराठीचं एक अक्षर नाही. 'वढ' हा एक शब्द तेवढा त्यानं दोन दिवसांत उचलला. कामाले वाघ. बोलायले मऊ. दांड्यावर बंडूराव. तामसीहून बसनं येणं-जाणं करत. अन् बंडूराव म्हणजे माह्या शीतलचे मालक, आमचे जावई.

संक्रांतीच्या आधीची गोष्ट. मी प्रेसपाशी उभा होतो. राजन्नाची पट्टी आत दुमडली. त्यानं ती सोडवायले हात कोपरापर्यंत आत घातला अन् वरडला, "वद्दु! वद्दु!" तेलुगूत वद्दु म्हणजे नको. आता प्रेसच्या त्या घरघरीत शब्दाचं शेपूट कोणाले ऐकू येते! बंडूरावायले ऐकू आलं, वढ. त्यायची नजर दारातल्या ट्रॅक्टरकडं होती. त्यायनं दांडा वढला.

राजन्नाचा हात कसा बाहेर आला ते त्याच्या देवाले ठाऊक. हातमोजा तेवढा आत राह्यला अन् पार चपटा होऊन निंघाला. अन् हे दोघं? दोघं बी हसून राह्यले! राजन्ना तो मोजा हलवून दाखवे अन् बंडूराव पोट धरून हासत.

साऱ्या जिनिंगीत दोनी भाषा येणारा अन् त्या घडीले तिथं उभा असलेला मी एकटा. चूक मले आरशावानी साफ दिसली. एक, तो शब्द बदलला पाह्यजे, नाही तर तिथं घंटी बसवली पाह्यजे. दोन, अन् खरी चूक हीच, बंडूराव हात पाह्यत नाहीत.

आता कार्ड भरायचं. कार्डावर खाने होते, हेल्मेट, मोजे, बूट, उभं राह्यची पद्धत. शब्दाचा खाना कुठं नव्हता. मी साहेबायकडं गेलो. सारं सांगतलं, पण कोणाचं नाव घेतलं नाही. साहेबायले खरंच पटलं. म्हणाले, "काका, फारच बारीक निरीक्षण आहे हे. घंटीचं मी वर कळवतो. पण कार्डावर कामगाराचं नाव लागेल. नावाशिवाय ते कॉम्प्युटरमध्ये जात नाही. कोणाला समज द्यायची ते तुम्ही ठरवा."

ठरवा म्हणे!

जावयाले सासऱ्यानं चार लोकांत बाजूले घ्यावं, त्याची चूक सांगावी, अन् वरतून सही मागावी? आमच्यात जावयासमोर सासरा आवाज चढवत नाही, त्याले पाय धुवायले पाणी देते. पोरगी तिच्या घरी नांदून राह्यली असते, बापा. मी कार्ड घेऊन दोन वेळा दांड्यापर्यंत गेलो. दोनी वेळा बंडूराव म्हणाले, "काय मामाजी?" अन् मी म्हणलं, "काही नाही, जेवले का?"

मंग मी राजन्नाचं नाव लिवलं. 'कामाच्या वेळी अस्पष्ट ओरडतो.' असं लिवलं मी. लाज वाटली, पण लिवलं. त्याले सांगायचं तरी काय? तुही भाषा बोलू नको म्हणू? हात वाचवायले माणूस आपल्या मायच्याच भाषेत वरडन ना! अन् खरं सांगायचं तर, त्याले सारं समजून सांगतलं असतं तर त्यानं विचारलं असतं, मंग दांडेवाला पाह्यत काऊन नाही? म्हणून मी त्याले काहीच नाही सांगतलं. कार्ड पुढं केलं अन् म्हणलं, "संतकं." म्हणजे सही कर. तो हासला, हात पुसले, अन् आपल्या गोल गोल अक्षरात सही केली. मी चौकोनात खूण केली.

बंडूरावायचं काम मी शीतलवर सोपवलं. संक्रांतीले दोघं घरी आले होते. मी तिले स्वयंपाकघरात गाठलं. म्हणलं, "माय, त्यायले एवढं सांग, हात पाहून दांडा वढत जा म्हणा."

"तुमीच सांगा ना बाबा."

"मले नाही येत सांगता."

तिनं सांगतलं. बाहेरून बंडूरावायचा आवाज आला, "तुहे बाबा घरी बी चिठ्ठ्या फाडून राह्यले का?" मंग ते पोळीले हात न लावता उठले. पोट भरलं म्हणे. शीतलचं तोंड एवढंसं झालं. तामसीची बस यायले दोन घंटे होते, तरी दोघं जाऊन फाट्यावर उभे राह्यले. बायको मले म्हणाली, "झालं समाधान?"

त्याच्यानंतर मी तो विषय काढला नाही. घंटीचं दोनदा विचारलं. साहेब म्हणाले, कळवलं आहे. प्रेसकडं मी कमीच जाऊ लागलो. दहा कार्डं गयाबाईच्या पट्ट्यावरच भरून टाकायचो, पदर खोचला, पदर नाही खोचला.

कार्डाले अठरा दिवस झाले होते. सकाळचे अकरा वाजले असन. मी गयाबाईच्या पट्ट्यापाशी होतो अन् मले ऐकू आलं, "वद्दु! वद्दु! वद्दु!" तीन वेळा. मी पळालो. पळता पळता मी बी वरडलो, पण काय वरडलो ते देवाची आण मले आठवत नाही.

उजवा हात. अंगठा अन् करंगळी राह्यली, मधलं सारं गेलं.

बंडूराव दांडा धरूनच उभे होते. "त्यानं वढ म्हणलं मामाजी, तीन वेळा म्हणलं, तुमच्या गळ्याची आण." खोटं बोलत नव्हते ते. त्यायनं तेच ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी चौकशी लागली. त्याच्या आधी शीतलचा फोन आला. ती रडली नाही, भांडली नाही. नुसतं म्हणाली, "बाबा, पोलीस येतीन म्हणतात. तुमी काय सांगणार आहा?" मी फोन ठेवून देला.

भार्गव साहेबायसमोर राजन्नाचं कार्ड होतं. वरून आलेले एक मोठे साहेब बी बसले होते, हिंदीवाले. साहेबायनं मले खुर्ची देली. "काका, हे कार्ड तुमचंच ना? तुम्ही त्याला समज दिली होती, त्याची सही आहे. बरोबर?"

अबे चंपत, बोल! आतून कोणीतरी सारखं ढोसून राह्यलं होतं. बोल का चूक दांड्याची होती. बोल का ती तुले ठाऊक होती. बोल का ह्या कागदावर तू खोटं नाव लिवलं.

"हो साहेब," मी म्हणलं. "बरोबर."

मोठ्या साहेबानं वही मिटली. अठरा दिवस आधी लेखी समज देऊनसुद्धा कामगारानं हयगय केली, असं ठरलं. बंडूरावायले काही झालं नाही. राजन्नाले कामावरून कमी केलं. अन् जाता जाता मोठे साहेब माह्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बहुत अच्छा काम है आपका." बाहेर येऊन मी नळाखाली तोंड धुतलं, तरी ते वाक्य काही गेलं नाही.

दोन रात्री मी झोपलो नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी सरकारी दवाखान्यात गेलो. ठरवूनच गेलो होतो. राजन्नाले सांगायचं, बाबू, चूक तुही नव्हती. मंग तो मले शिव्या देवो, पोलिसात जावो, पोरीचं घर मोडो. सांगायचंच.

मले पाहून तो उठून बसायले लागला. मी म्हणलं, पडून राह्य. तरी बसला. हातावर एवढं मोठं पांढरं गाठोडं. त्याची बायको खाली फरशीवर बसली होती, तिनं मले बसायले स्टूल देलं. मी तोंड उघडणार, त्याच्या आधी तोच बोलला, तेलुगूत, त्या मऊ आवाजात.

"काका, साहेब येऊन गेले. मले ते कार्ड दाखवलं. माह्यीच सही आहे. म्हणाले, चंपतरावायनं तुले आधीच समज देली होती, तू ऐकलं नाही." तो थांबला. "तुमी माह्या भल्यासाठीच सांगतलं असन. माह्याच ध्यानात नाही राह्यलं. तीन दिवस झाले, पडल्या पडल्या आठवून राह्यलो, पण आठवतच नाही. काका, त्या दिवशी तुमी मले काय सांगतलं होतं? पुन्हा एकदा सांगा ना. उद्या दुसरीकडं कुठं काम भेटलं तर तेच चुकाले नको."

त्याची बायको बी माह्या तोंडाकडं पाहू लागली.

मी त्या दोघायकडं पाह्यलं, मंग खिडकीकडं पाह्यलं. मले शीतल दिसली, फाट्यावर बसची वाट पाह्यत उभी असलेली.

"काम करताना वरडू नको," मी म्हणलं. "असं सांगतलं होतं."

राजन्नानं ते ओठातल्या ओठात एकदा म्हणून पाह्यलं. मंग मान हलवली.

"आता तरी ध्यानात ठेव," बायको त्याले म्हणाली.